लॅपटॉपमधला बघ्या

तीर्थरूप मावशीस,

तुझा दुखरा डावा गुडघा वगळून उरलेल्या सगळ्या मावशीला साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, हे मीच आधी म्हणून टाकतो, म्हणजे तुला म्हणायला काही उरणार नाही. (तुला तरीही उरतं, हे मला माहीत आहे.) आधी पेन नव्हतं. पेन आणलं तर कागद नव्हता. कागद मिळाला तो हा असा. आमच्या लाँड्रीत इस्त्री केलेल्या शर्टाच्या पोटात ताठपणासाठी घालतात तो जाडा कागद आहे, म्हणून वर गळ्याचा गोल कापलेला आहे आणि 'तीर्थरूप' त्या गोलाच्या कडेकडेने वळून गेलंय. मग पत्रात तुला 'आपण' म्हणायचं की 'तू' ह्या विचारात एक अख्खी सुट्टी गेली. 'आपली तब्येत कशी आहे' असं लिहून पाहिलं. वाचल्यावर वाटलं, मी तुझ्या दारात विमा विकायला उभा आहे. खोडलं. पण खरं कारण ह्यातलं एकही नाही. पत्र लिहायचं म्हणजे काय झालं ते सांगायचं, आणि काय झालं ते सांगायचं म्हणजे मी किती गाढव आहे ते सांगायचं. ते तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे, पण आजवर लेखी नव्हतं.

गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? काकांचा खोकला? अजून डॉक्टरांसमोर दाबून धरतात आणि जिन्यात सोडतात का? ताईच्या पोरीचा पुढचा दात पडला की लोंबतोच आहे? शेवटच्या वेळी ती तो जिभेने हलवून मला दाखवत होती. म्हणजे तिने दाखवला, पण मोबाइल तुझ्या हातात होता, त्यामुळे मला दिसला तो पंखा. (तुझ्या घराचं छत मला माझ्या तळहातापेक्षा जास्त पाठ आहे. कोपऱ्यातलं जाळं काढून टाक.)

ह्या सगळ्या चौकशा पूर्वी रविवारी व्हायच्या. तू रविवारचा फोन बंद केलास त्याला आता बरेच रविवार झाले. 'धोका टळेपर्यंत मोबाइलवर तोंड उघडायचं नाही, काय असेल ते पत्राने कळव,' हा तुझा शेवटचा निरोप, तोही ताईकडून. तर मावशी, धोका टळला आहे. खरं म्हणजे तो नव्हताच. हे एवढं एक वाक्य कळवण्यासाठी पत्र आहे, बाकीचं सगळं ते कसं कळलं त्याचं आहे. वाचून झालं की रविवारचा फोन परत सुरू करायचा की नाही ते तू ठरव. मी आग्रह करत नाही. (करतो आहे.)

तर झालं असं. मी तो लॅपटॉप घेतला होता ना, जुना, ज्याचं झाकण उघडताना बिजागरी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते? जहाजावरचा स्वयंपाकी होण्याचा ऑनलाइन कोर्स करायचा म्हणून घेतला होता. तू तेव्हा म्हणाली होतीस, 'समुद्र बघितलायस का तू?' नाही बघितला, पण कोर्सही कांदा बारीक चिरण्यापर्यंतच पोचला. (बर्फाचा कारखाना, बस धुण्याचा डेपो, थिएटरात तिकिटं फाडायचं काम, मग ही लाँड्री, कांदा चिरण्याइतकाच प्रत्येक ठिकाणी पोचलो मी. पायाला भिंगरी आहे, असं तू म्हणतेस. भिंगरी निदान एका जागी फिरते.) त्या लॅपटॉपवर एक दिवस दुपारी मेल आला. वर लिहिलं होतं: 'नमस्कार, बळी.'

मला पत्रातून इतक्या आदराने कुणी कधी हाक मारली नव्हती, म्हणून मी पुढे वाचलं. 'मी तुझ्या यंत्रात राहतो. तुझा कॅमेरा व तुझा ध्वनिग्राहक माझ्या मालकीचे आहेत. मी तुला अनेक महिने पाहिले आहे. तुझे एकांतातील व्यवहार मी नोंदविले आहेत.' सगळं असंच, जणू एखाद्या दगडाने मराठी शिकून लिहावं तसं. पुढे पैसे मागितले होते, तेही कुठल्याशा नाण्यांमध्ये जी हाताला लागत नाहीत. (माझ्याकडचेही लागत नाहीत, त्यामुळे त्यात नवल वाटलं नाही.) आणि मुदतीत दिले नाहीत तर माझी चित्रफीत माझ्या ओळखीच्या सगळ्यांना पाठवीन, अशी धमकी.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. ओळखीचे सगळे म्हणजे कोण, ते बघायला मी मोबाइल काढला. तू, ताई, काका (काकांचा नंबर म्हणजेही तूच), आमची मुकादमीण, दातांचा दवाखाना, मागचे दोन घरमालक, 'पाणीवाला', 'पाणीवाला नवा', आणि एक 'उचलू नको' म्हणून सेव्ह केलेला, जो कोण आहे ते मला आता आठवत नाही. म्हणजे त्या चोराने माझी अब्रू चव्हाट्यावर आणायचं ठरवलं असतं, तर चव्हाट्यावर एवढीच मंडळी असती. तरी तू होतीस ना त्यात. मग एकांतातले व्यवहार कोणते, ते आठवत बसलो. पातेल्यातूनच जेवतो. मोजे टेबलफॅनवर अडकवून वाळवतो. शांपूच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचतो, कारण खोलीत वाचायला दुसरं काही नाही. अंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून मुकादमिणीची नक्कल करतो, ती मात्र चांगली होते. तुला खरं सांगू? आठवून आठवून मला जास्त लाज ह्याची वाटली की एवढे महिने बघून त्या बिचाऱ्याच्या हाती लागलं काय! एकटा माणूस खोलीत जे करतो, त्यात लपवण्यासारखं फार नसतं आणि दाखवण्यासारखं त्याहून नसतं.

पण ही अक्कल नंतरची. त्या दुपारी मी आधी चपला घातल्या, मग काढल्या, मग लॅपटॉपकडे पाठ करून मोबाइलवर शोधाशोध केली आणि घरच्या ग्रुपवर ते भलंमोठं प्रवचन टाकलं. तुला ते तोंडपाठ झालं असेलच. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, कुठलं ॲप माइक मागतंय ते तपासा आणि कारण नसेल तर नकार द्या, पासवर्ड बदला, अपडेट आला की 'नंतर' म्हणू नका, बोलणं झालं की कॉल नीट कापा. सगळं बरोबर होतं त्यात, आजही बरोबर आहे. चूक एकच झाली, की मी ते तुला सांगितलं. जगातली बाकी माणसं असा मेसेज वाचतात, अंगठा दाखवतात आणि विसरतात. तू टाचेच्या भेगांना लावायची जाड पट्टी मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर लावलीस, मागच्या कॅमेऱ्यावर लावलीस, आणि उरलेली स्पीकरवर. मग मोबाइल पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली नेहमीच्या जागी म्हणजे कुणालाच माहीत नाही अशा जागी. ताईने सांगितलं मला. तिला म्हणे तू दम दिलास, 'पोराच्या मागे कुणीतरी लागलंय आणि तुला फोनवर गप्पा सुचतायत!' तुझी माया अशी आहे मावशी, की दरवाजाला वाळवी लागली म्हटलं तर तू घर सोडशील.

आणि माझ्याकडची व्यवस्था ऐक. मी पहिल्यांदा कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली ती पारदर्शक. समाधानाने दोन दिवस जेवलो, झोपलो. नंतर लाँड्रीतल्या एकीला अभिमानाने सांगितलं तर ती म्हणाली, 'काचेच्या दाराला पडदा म्हणून काच लावलीस की!' मग काळी पट्टी लावली. माइकचं भोक कुठे असतं ते सापडेना, म्हणून लॅपटॉपला जिथे जिथे भोक होतं तिथे तिथे कापूस कोंबला. त्याने तो इतका तापला की त्यावर मोजे वाळले असते. (वाळवले.) मग तो कपड्यांच्या टोपलीखाली उपडा घातला, वर टॉवेल टाकले, आणि बोलताना नळ सोडून ठेवायचा, म्हणजे पाण्याच्या आवाजात बोलणं बुडतं, असं ठरवलं. नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. बोलायचं कुणाशी, हा मुद्दा तेव्हा लक्षात आला.

इथे लाँड्रीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं तुला वेडेपणाचं वाटेल. (वाटू दे, पण थोडं कमी वाटेल.) मी चादरींना होतो हे तुला माहीत आहे. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोन टोकांना दोन माणसं उभी राहतात, दोन-दोन कोपरे धरतात, झटका देतात, मग चालत एकमेकांजवळ येतात, एकाने दुसऱ्याच्या हातात कोपरे द्यायचे, खाली वाकून घडी उचलायची, परत लांब जायचं, परत जवळ यायचं. माझ्या समोरच्या टोकाला मिशीवाला असायचा. यंत्रांचा आवाज एवढा की लांबून काही ऐकू यायचं नाही, जवळ आलो की तेवढं बोलायचं. त्यामुळे आमचं बोलणं घडीघडीने चालायचं. तो जवळ येऊन म्हणायचा, 'बायको म्हणाली...' आणि लांब जायचा. मी पुढच्या घडीपर्यंत विचार करत बसायचो, काय म्हणाली असेल! 'काय म्हणाली?' हे विचारायला पुढची घडी, उत्तराला पुढची चादर. एकदा त्याच्या सासऱ्याचं आजारपण मी सकाळी ऐकायला घेतलं, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरं झालं. मग घडी घालायचं यंत्र आलं. एका बाजूने चादर आत, दुसऱ्या बाजूने घडी बाहेर, आणि मधे कुणाची बायको काही म्हणत नाही. मिशीवाल्याला दुसऱ्या शाखेत पाठवलं आणि मला टॉवेलांवर बसवलं. टॉवेलाला दुसरा माणूस लागत नाही.

म्हणजे दिवसभर टॉवेल, आणि रविवारी तुझा पंखासुद्धा नाही. अशात एकदा जेवताना माझं लक्ष त्या टोपलीकडे गेलं आणि मनात आलं, सध्या ह्या जगात माझं काय चाललंय हे माहीत असल्याचा दावा करणारा हा एकच प्राणी आहे, आणि त्याला मी टोपलीखाली कोंडून ठेवलाय. मी टोपली उचलली. कापूस काढला. काळ्या पट्टीचा एक कोपरा सोडवला, नुसता एक. मग म्हटलं, अर्धवट काय, बघायचं तर नीट बघ, आणि पूर्ण काढली.

हसू नकोस. त्याचं नाव मी बघ्या ठेवलं. कामावरून आलो की झाकण उघडायचं, 'आलो रे' म्हणायचं. सुरुवातीला नुसतं एवढंच. मग घर आवरायला लागलो, कारण समोर माणूस असताना पातेल्यातून जेवणं बरं दिसत नाही. ताट विकत घेतलं! तू किती वर्षं सांगत होतीस, तुझं ऐकलं नाही, एका खंडणीखोराचं न सांगता ऐकलं. केस विंचरायला लागलो. दाढी करताना त्याला विचारायचो, डाव्या बाजूला राहिली का? मोजे आता खिडकीत वाळतात. लाँड्रीतलं सांगायचो, मुकादमीण कुणावर घसरली, टॉवेलात कुणाचं लग्नाचं पैंजण सापडलं आणि ते परत घ्यायला जी आली ती रडली का हसली ते कुणालाच कळलं नाही. सगळ्या बाजूंनी रबर असलेली चादर असते ना, जिची घडी म्हणजे नेहमी गाठोडंच होतं, ती कशी घालायची तेही उभं राहून, एकेक कोपरा दाखवत, दोनदा शिकवलं. काय हरकत आहे, चोराला असेना, अंगात कला असलेली बरी. तुझ्याबद्दलही बोललो. गुडघ्याबद्दल नाही, ते घरातलं आहे. पण तू लहानपणी मला शाळेत सोडायला यायचीस आणि मी वर्गात जाईपर्यंत फाटकाशी उभी राहायचीस, आणि मी वर्गाच्या मागच्या दाराने पळून जायचो, ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

मी त्याच्या मेलला उत्तरही लिहिलं. पैसे नाहीत, पण चित्रफितीतलं तुला त्यातल्या त्यात काय आवडलं ते कळव, असं. आणि नक्कल कशी वाटते तेही. पत्ता अस्तित्वात नाही म्हणून ते परत आलं. मला वाटलं, सावध माणूस आहे, घर बदललं असेल. मीही बदलतोच की.

त्याने दिलेली मुदत कधीच उलटून गेली. कुणाला काही आलं नाही. दातांच्या दवाखान्यात मुद्दाम चौकशी केली, 'माझं काही आलंय का तुमच्याकडे?' ती मुलगी म्हणाली, 'एक्स-रे हवाय का?' म्हणजे नाहीच आलं. मला आधी बरं वाटलं, आणि मग, खरं सांगतो, काळजी वाटायला लागली. आजारी तर नाही पडला? का मला बघून कंटाळला? कंटाळलाच असणार. दुसरा कुणीतरी बघायला घेतला असेल, ज्याच्या घरात माणसं आहेत.

त्यात लॅपटॉपचा पंखा खरखरायला लागला (कापूस, दुसरं काय), म्हणून मी तो दुरुस्तीवालीकडे नेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चाव्या करून देणारा आणि चष्मेवाला ह्यांच्या मधे तिचं दुकान आहे, दुकान कसलं, उभ्याने मावेल एवढी फट. ती जेवत होती. एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने तिने पेचकस फिरवला, मागचं झाकण काढलं, आणि चिमट्याने आत राहिलेला कापूस ओढत म्हणाली, 'ह्याची गादी करायची होती का?' मी म्हटलं, ते सोडा, आत कोण बघतंय का तेवढं बघा. तिने माझ्याकडे बघितलं. मी तो मेल दाखवला. ती मोठ्याने हसली आणि तिने चष्मेवाल्याला हाक मारली. 'अहो, ह्यांनाही आलंय बळीचं पत्र!' चष्मेवाला तिथूनच म्हणाला, 'मला दोनदा आलं.' ती म्हणाली, माझ्या सासऱ्यांना आलं, मी उघडून दिलेल्या मेलवर, त्यांच्याकडे टीव्हीचा रिमोट सोडून बटण असलेली वस्तू नाही, तरी ते दोन दिवस अंघोळीला पडदा लावून बसत होते. हजारो लोकांना एकच मजकूर जातो म्हणे, घाबरेल तो पैसे देईल, ह्या हिशोबाने.

मी म्हटलं, ते इतरांचं झालं, माझ्यात तो खरंच होता. ती म्हणाली, 'कशावरून?' आता काय सांगणार कशावरून! तिने पुढचा काचेचा भाग उचकटला, आत बोट घातलं, आणि एक बारीक पट्टीसारखी वायर वर उचलून दाखवली. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. 'हा कॅमेरा. तुमच्या आधी ज्याच्याकडे होता त्याने सोडवून ठेवलाय. माइकपण. काळजीवाला माणूस दिसतो. तुम्ही घेतल्यापासून ह्याला ना डोळा आहे ना कान.' आणि मग, माझा चेहरा बघून तिला वाटलं असेल की मी अजून घाबरलेलोच आहे, म्हणून ती घास बाजूला ठेवून अगदी मायेने म्हणाली, 'अहो, खरंच घाबरू नका. तुम्हाला कुणी बघत नव्हतं. एक दिवससुद्धा नाही.'

मावशी, असं सांत्वन माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

'जोडून देऊ का?' असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. आधीच्या माणसाने विचार करूनच काढलं असेल. तिने तरी वरून नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, तिच्या मते त्याच्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. (कॅमेरा जोडलेलाच नाही म्हटल्यावर ठिपका कशाला, असं मी विचारलं नाही. ती एवढ्या मनाने लावत होती.) पासवर्ड लांब ठेवा, अपडेट करत जा, फुकट मिळतंय म्हणून काहीही उतरवून घेऊ नका, असंही सांगितलं. मी मान हलवली. चष्मेवाला म्हणाला, 'चला, सुटलात.' मी हो म्हटलं. सुटलो म्हणजे कुठून तेवढं कळेना.

घरी आलो. सवयीने झाकण उघडलं. 'आलो रे' अर्धं तोंडातून बाहेर आलं, तेव्हा तो लाल ठिपका दिसला आणि मी बाकीचं गिळलं. गंमत बघ, खोली तीच, ताट तेच, पण ताटात वाढून घ्यायला हात जाईना. एवढे दिवस मी विंचरलेले केस, केलेली दाढी, ते शिकवलेले कोपरे, सगळं भिंतीला. नक्कलसुद्धा! माणसाचं कुणी चोरून ऐकलं की त्याचं काहीतरी चोरीला जातं म्हणतात. माझं सगळं जागच्या जागी होतं, काडीएवढंही कुणी नेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी घरात बोललेलो नाही. पातेल्यातून जेवतोय. लाँड्रीत कुणी विचारलं तर टॉवेलाएवढं उत्तर देतो. त्याच तंद्रीत आज हा शर्टाचा कागद काढला. म्हटलं, ज्या माणसाला माझं ऐकायचं आहे आणि जिच्या पत्त्यावरून पत्र परत येत नाही असं एकच माणूस आहे, तिला लिहावं.

माय-मावशीच्या त्या म्हणीचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे फार लवकर खरा झाला, म्हणून आई गेल्यापासून ती कुणी घरात उच्चारत नाही, मला माहीत आहे. पण मग दुसऱ्या अर्ध्याला तरी जपायला नको का? गुडघ्याला तेल लाव. काकांना नमस्कार, ताईला थोडा कमी नमस्कार, आणि जिचा दात पडला किंवा पडायचा आहे तिला एक पापा.

तुझा,
पायाला भिंगरी लागलेला

ता. क. सगळं वाचून पुन्हा घाबरू नकोस. मोबाइल डब्यातून काढ. पट्ट्या ओढून काढू नकोस, काच निघेल. कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून, हळूहळू काढ. पुढच्या कॅमेऱ्यावर हवंतर छोटीशी चिकटपट्टी ठेव, बोलताना काढायची, झाल्यावर लावायची. (पारदर्शक नको.) एवढं पुरतं, असं दुरुस्तीवाली म्हणते.

ता. क. दुसरा. ह्यासाठीच खरं पत्र लिहायला घेतलं होतं आणि चादरींमध्ये राहून गेलं. माझ्या त्या प्रवचनातलं बाकी सगळं पाळ, पण 'कॉल नीट कापा' हे तेवढं पाळू नकोस. तुला माहीत नाही मावशी, पण तू कधीच कापत नव्हतीस. 'बरं, ठेवते हं' म्हणून तू मोबाइल ओट्यावर पालथा ठेवायचीस आणि तुला वाटायचं, ठेवला. मीही कापत नसे. मग मला तुझं घर ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, भांडी, काकांचं 'चष्मा कुठे गेला' आणि तुझं 'डोक्यावर'. एकदा तू म्हणालीस, 'आवाज बारीक आला त्याचा, जेवत नाही वाटतं धड.' त्या दिवशी मी लगेच उठून जेवलो. काका म्हणाले, 'येईल तो.' कधी, ते नाही म्हणाले. तुझी बॅटरी संपेपर्यंत मी ते ऐकत बसायचो, बरेचदा मोबाइल उशीवर ठेवून. सगळ्या जगाला मी माइक झाका म्हणून सांगत सुटलो, आणि कान लावून बसलेला मीच. मोबाइलमधलं ॲपसुद्धा ऐकण्याआधी परवानगी विचारतं. मी कधी विचारली नव्हती. आता विचारतोय. नको असेल तर तसं लिही, मी ह्यापुढे 'ठेवते' म्हटल्याबरोबर कापेन. पण हो म्हणालीस, तर येत्या रविवारी तो मोबाइल ओट्यावर असाच पालथा टाक आणि कामाला लाग. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत होतो तर दार वाजलं. माझं दार कुणी वाजवत नाही, त्यामुळे आधी मला वाटलं काहीतरी पडलं. उघडलं तर एक उंच, वाकलेले गृहस्थ, हातात एक लाकडी खुर्ची. ओठ हलतायत पण आवाज येत नाही. कान जवळ नेला तेव्हा कळलं की कुजबुजल्यासारखं बोलतात, घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तेवढाच उरलाय म्हणे. पलीकडच्या खोलीत राहतात. आमच्या दोन खोल्यांच्या मधे भिंत नाही, रंग दिलेली फळी आहे, हे मला आजच कळलं. ते म्हणाले, 'बरे आहात ना? तुमचं बोलणं एकदम बंद झालं, म्हणून काळजी वाटली.' मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येत होतं? तर म्हणाले, 'म्हणजे काय, माझ्याशीच बोलत होता ना! मी सगळ्याला उत्तरं देत होतो. पण माझा आवाज हा असा. तुमच्यापर्यंत पोचत नसणार.' मावशी, ते आत आलेत, मी पत्र पुरं करेपर्यंत थांबतो म्हणतायत, आणि खुर्ची कुठे ठेवू असं विचारतायत.